मावशीनं घराचं जहाज केलं

माझ्या मावशीनं आयुष्यात एकच सूड घेतला, पण घेतला तो पॉलिश करून, पितळी स्क्रू लावून, वर कोयंडा घालून. बराच काळ गल्लीतले लोक त्याला प्रेम समजत होते. मला मात्र पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कारण त्या सूडाचे पडदे शिवताना तिला सुया ओवून देणारी मीच होते.

मावशी कपडे शिवायची. घराची पुढची खोली तिची. खिडकीशी मशीन, मधोमध बेतायचं लांब टेबल आणि भिंतीला फळ्या. फळ्यांवर गिऱ्हाइकांच्या कापडाची गाठोडी. बेतून झालेलं, अजून न शिवलेलं, बाह्या वेगळ्या, पाठ वेगळी, पुढा वेगळा. प्रत्येक गाठोड्याला टाचणीनं चिठ्ठी. तिच्या हाताला सफाई होती आणि जिभेला धार. "तुमची कंबर मी नाही वाढवली, मी फक्त मोजली," असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची आणि तरी गिऱ्हाईक परत यायचं.

तिचा नवरा जहाजावर बोसन होता. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. दोरखंड, रंगकाम, साफसफाई, सगळं त्याच्या हुकमानं चालतं. गल्लीत त्याला त्याच्या नावानं कुणीच हाक मारत नसे. सगळे बोसन म्हणत, आणि मी बोसनकाका. वर्षातून एकदा तो सुट्टीवर घरी यायचा आणि आला की घराचं डेक करून टाकायचा. चपला रांगेत. पळ्या उंचीप्रमाणे. दात घासायचा कप दोरीनं नळाला बांधलेला, कारण लाट आली तर पडेल. त्या घरात लाट आलेली कुणी पाहिली नव्हती, पण कप बांधलेला असे. आणि उठता-बसता एकच पालुपद: "जहाजावर असं चालत नाही."

मावशी म्हणायची, "सुट्टी संपेपर्यंतच काय ते. पाहुणा आहे म्हणायचं आणि सोसायचं."

तिनं ते सोसलंही असतं. पण एका सुट्टीत माझी आजी, म्हणजे मावशीची आई, शेवटच्या आजारात दवाखान्यात होती. मावशी आणि माझी आई पाळीपाळीनं तिच्या उशाशी. बोसनकाका घरात एकटा. रिकामा बोसन फार वाईट. त्यानं पुढची खोली उघडली, आणि त्याला तिथं काय दिसलं? दुसऱ्या कुणाला अर्धवट कपडे दिसले असते. त्याला चिंध्या दिसल्या. जहाजाच्या इंजिनघरात तेल पुसायला जुन्या कापडाचे तुकडे पोत्यानं लागतात, आणि इतकी वर्षं त्यानं कापडाचा तुकडा म्हणून जे पाहिलं होतं ते हेच. शिवलेलं नाही, धड आकार नाही, म्हणजे चिंधी. त्यानं गाठोडी सोडली, चिठ्ठ्या फेकल्या, सगळं दोन पोत्यांत कोंबलं आणि बंदरावर उभ्या असलेल्या आपल्या जहाजावर पाठवून दिलं. टेबल आणि मशीन भंगारवाल्याला. खोली धुऊन काढली.

आजी गेली. मावशी रडून थकून घरी आली, तर हा दारात छाती काढून उभा.

"बघ, किती मोकळं झालं! श्वास घेता येतो आता."

"माझी कापडं?"

"कुठली कापडं? चिंध्या होत्या त्या. इंजिनवाले जाम खूश झाले."

मावशी मटकन खाली बसली. तिची आई गेली म्हणून बसली असं त्याला वाटलं. त्यानं पाणी आणून दिलं, हे मी त्याच्या बाजूनं सांगून ठेवते, म्हणजे मी एकतर्फी बोलते असं कुणी म्हणायला नको. बाकी मी एकतर्फीच बोलणार आहे.

मग गिऱ्हाइकं यायला लागली. मावशी त्याला म्हणाली, "तुम्ही सांगा त्यांना, तुमच्या हातून झालं म्हणून." तो म्हणाला, "वेडी आहेस का? बोसनची काय अब्रू राहील? घरातलं घरात. तू घे सांभाळून." आणि सुट्टी संपवून निघून गेला. मावशीनं सांभाळून घेतलं. "हरवलं," एवढंच ती म्हणत राहिली, आणि एकेकीला नवं कापड आणून देत राहिली. पण समोरच्या घरातली बाई बँकेत होती, तिच्या मुलीच्या लग्नासाठी आणलेलं मोरपंखी रेशीम त्यात होतं. तसं परत कुठं मिळालं नाही. बँकवाली गॅलरीत उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "हरवतं कसं? खाल्लं म्हणा!"

तेव्हापासून मावशी कापडखाऊ झाली. पोरंसोरंसुद्धा म्हणायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. तिच्याकडे पुन्हा कुणी कापड टाकलं नाही. ती तयार कपड्यांच्या कारखान्यात लागली, शर्टाच्या कॉलरी शिवायला. दिवसभर नुसत्या कॉलरी. माणसाचा बाकीचा भाग दुसरं कुणीतरी शिवायचं.

दर सुट्टीत ती त्याला एकदाच विचारायची, "त्या समोरच्या बाईला खरं काय ते सांगाल का?" आणि तो दर सुट्टीत म्हणायचा, "अजून तेच? जुनं उगाळू नकोस." ती पुन्हा वर्षभर गप्प. मला तिचा राग यायचा. मी म्हणायचे, "मावशी, तू का नाही सांगत ओरडून?" ती म्हणायची, "मी सांगितलं तर नवऱ्यावर ढकलते म्हणतील. त्यांच्याच तोंडून यायला हवं." तिला पैसा नको होता, माफीही नको होती. त्या माणसानं चार लोकांत तोंड उघडावं आणि तिचं नाव धुऊन द्यावं, एवढंच हवं होतं. धुण्यापुसण्यात हयात घालवलेल्या माणसाला तेवढं एक जमत नव्हतं.

मग त्याच्या निवृत्तीचा फोन आला. मी तिथंच बसले होते. फोनमधून त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "हा शेवटचा फेरा. आता मी कायमचा घरी. ऐक, एक मोठा पलंग घे, मऊ गादीचा. आडवा पसरून झोपणार मी. समुद्राचं नाव नको आता. आणि आल्यावर घर नीट लावून घेऊ, तुझा पसारा फार झाला असेल."

मावशीनं फोन ठेवला. मग उठली, पिशवी घेतली आणि मला म्हणाली, "चल. खरेदी आहे."

मला वाटलं पलंग. आम्ही गेलो ते बंदरापलीकडच्या बाजारात, जिथं मोडीत काढलेल्या जहाजांचं सामान विकतात. मैलभर पसरलेली दुकानं. गोल खिडक्या, पितळी दिवे, घंटा, जाडजूड दोरखंड, लोखंडी दारं, बेसिनं, खुर्च्या, ज्यांचे पाय अजून जमिनीला ठोकायच्या पट्ट्यांत अडकलेले. मावशी दुकानादुकानांतून फिरत होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं तेज मी तिच्या हातात कात्री असतानाच फक्त पाहिलं होतं.

"समुद्राचं नाव नको म्हणतो," ती एका घंटेवर बोट वाजवत म्हणाली. "मी त्याला समुद्राशिवाय काही दिसूच देणार नाही. हयातभर माझं घर जहाज केलंय ना? घे म्हणावं जहाज."

सुतार तिच्या कारखान्यातल्या एका बाईचा भाऊ होता, मिस्कील माणूस. पहिल्या दिवशी त्यानं सगळा बेत ऐकून घेतला आणि विचारलं, "बाई, घर तरंगवायचंय का?" मावशी म्हणाली, "नाही. एका माणसाला बुडवायचंय." त्याला ती गंमत वाटली. तो हसला आणि कामाला लागला.

काम मात्र देखणं झालं, हे कबूल करायला हवं. बैठकीच्या भिंती खालून कंबरेपर्यंत गडद निळ्या, वर पांढऱ्या. जिन्याचा कठडा काढून जाड दोरखंड ओवला. खिडक्यांना निळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे जाड कॅनव्हासचे पडदे, तळाशी पितळी कड्या. जेवायचं टेबल जहाजावरचंच, कडेनं बोटभर उंच पट्टी, ताट घसरू नये म्हणून. भिंतीवर समुद्राचा जुना नकाशा चौकटीत, शेजारी जीवरक्षक कडं. दारात घंटा. न्हाणीघरात कप दोरीनं बांधलेला. तो तसाच ठेवला, त्याला काही करावंच लागलं नाही.

पण खरी मेख दोन खोल्यांत होती. मागची अडगळीची खोली, जिथं माणूस हात पसरून उभा राहू शकत नाही, तिथं तिनं भिंतीला अरुंद बंक, म्हणजे खलाशी झोपतात तसली फळी, ठोकून घेतला. वर कपडे अडकवायला दोन हुक, खाली एक पेटी. दारावर पाटी: बोसन. आणि पुढची खोली, तिची खोली, जी इतकी वर्षं नुसती धुतलेली आणि रिकामी पडली होती, तिथं नवं शिलाई मशीन आलं, बेतायचं टेबल आलं. तिला तिनं जहाजाचा दरवाजा बसवला, ज्याचा उंबरठा पाऊल उचलून ओलांडावा लागतो इतका उंच असतो. दारावर पाटी: कप्तान.

"अगं, पण तो पाटी उपटून फेकेल," मी म्हणाले.

"कप्तानाच्या दाराला हात लावेल तो?" मावशी म्हणाली. "तुला अजून माणूस कळला नाही."

ते खरं होतं. बोसनकाकाची सगळ्यात मोठी फुशारकी कुठली असेल तर हीच: "आजवर कधी कप्तानाच्या केबिनमध्ये विचारल्याशिवाय पाऊल टाकलं नाही, आणि कप्तानाशी एकदाही खोटं बोललो नाही. समुद्रावर खोटं बोललं की माणसं मरतात." हे तो दर सुट्टीत जेवताना सांगायचा. मी लहानपणी त्याचा मान ठेवायचे ते यासाठीच. जमिनीवरच्या खोट्यानं माणसं मरत नाहीत, असा त्याचा हिशेब असावा.

तो आला त्या दिवशी मी मुद्दाम तिथं होते. त्याचा चेहरा पडताना मला बघायचा होता. मावशीही पदराला हात पुसत उभी राहिली, एखादं भांडण सुरू व्हायच्या आधी उभी राहते तशी. तो दारात थांबला. घंटा पाहिली. दोरखंडावर हात फिरवला, गाठ तपासली. टेबलाच्या पट्टीवरून बोट फिरवलं. मागच्या खोलीपाशी जाऊन पाटी वाचली, आत वाकला आणि बंकवर बसला. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते.

"हे तू माझ्यासाठी केलंस?" तो म्हणाला. "मला वाटत होतं जमिनीवर मला झोप यायची नाही. घाबरलो होतो मी. तुला कसं कळलं गं?"

करायला गेले एक आणि झालं भलतंच! मावशीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मला हसू आवरेना म्हणून मी स्वयंपाकघरात पळाले.

त्यानंतरचे दिवस मावशीला फार जड गेले. मऊ पलंगाची गोष्ट तो विसरूनच गेला. बंकवर लहान मुलासारखा झोपायचा. सकाळी उठून पितळ घासायचा, घंटा वाजवून चहाची वर्दी द्यायचा. पुढच्या खोलीत मात्र कधी पाऊल टाकलं नाही. उंबरठ्याबाहेर उभा राहून दारावर टकटक करायचा, "आत येऊ का, कप्तान?" आणि हसायचा. त्याला तो खेळ वाटे. गल्लीतल्या माणसांना हाताला धरून घर दाखवायला आणायचा. "बायकोनं केलंय. माझ्यासाठी." आणि येणारी प्रत्येक बाई मावशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, "किती जीव लावलात हो नवऱ्याला!"

मावशी रात्री माझ्या आईला फोन करून दातओठ खायची. "त्याचा गळा आवळायला दोरखंड आणला आणि तो त्याला हार समजून गळ्यात घालून फिरतोय!"

एकदा तिनं पुन्हा तो प्रश्न विचारला. आता कायमचे इथंच आहात, समोरची बाई रोज दिसते, सांगाल का? तो पितळ घासता घासता म्हणाला, "इतकं सुंदर घर केलंस, आणि मनात अजून ती चिंध्यांची गोष्ट? सोड ना."

त्या दिवसापासून मावशी एकदम शांत झाली. मला तेव्हाच कळलं की तिला काहीतरी सापडलंय.

थोड्या दिवसांनी बोसनकाका आनंदानं नाचत आला. त्याचे जुने कप्तान, आता निवृत्त, शहरात मुलीकडे आले होते. "साहेबांना घर दाखवायचंय. बोलावू जेवायला?"

"बोलवा की," मावशी म्हणाली. "आणि समोरच्या बँकेतल्या बाईंनाही सांगा. त्यांनी अजून घर पाहिलेलं नाही."

मी तिच्याकडे पाहिलं. ती ताटं मोजत होती.

कप्तान छोटेखानी म्हातारे गृहस्थ होते, काठी टेकत आले. बोसनकाकानं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि साहेब "बस" म्हणेपर्यंत तो खुर्चीला शिवला नाही. साहेबांनी सगळं घर पाहिलं, दोरखंडाच्या गाठीचं कौतुक केलं. पुढच्या खोलीच्या दारावरची पाटी वाचून त्यांनी आपणच टकटक केली. "इथला कप्तान कोण?"

"मी," मावशी म्हणाली.

"मग बोसन चुकीच्या माणसाला सलाम करतोय," ते म्हणाले, आणि सगळे हसले. समोरची बँकवालीही हसली. ती नाक वर करून आली होती, पण कप्तान बघून जरा सैल झाली होती.

जेवताना मावशीनं साहेबांना भाजी वाढली आणि सहज विचारलं, "साहेब, जहाजावर म्हणे चिंध्या फार लागतात?"

"फार, वहिनी. इंजिनघर म्हणजे तेलाचा राक्षस."

"आमच्या यांनी एकदा घरून दोन पोती पाठवली होती."

साहेबांनी घास तिथंच ठेवला आणि खो खो हसले. "ती पोती! ती कोण विसरेल? इंजिनवाला माझ्याकडे एक तुकडा घेऊन आला, म्हणाला, साहेब, याच्यानं तेल पुसू की फ्रेम करून लावू? मोरपंखी रेशीम होतं, वहिनी! आम्ही दोन महिने रेशमानं पिस्टन पुसले!"

बँकवालीचा हात ताटावर थांबला. "मोरपंखी?" ती म्हणाली.

साहेब हुशार माणूस. हसू त्यांनी आवरलं, आधी बँकवालीकडे पाहिलं, मग मावशीकडे, मग बोसनकाकाकडे. "बोसन, काय भानगड आहे?"

बोसनकाका उभा राहिला. हात आपोआप बाजूला सरळ झाले. तो मावशीकडे बघत होता, आणि तिनं सांभाळून घ्यावं म्हणून त्याचे डोळे अक्षरशः भीक मागत होते. मावशीनं पाण्याचा तांब्या उचलला आणि माझा पेला भरला.

"साहेब," तो म्हणाला. "साहेब, त्या चिंध्या नव्हत्या. हिच्या गिऱ्हाइकांची कापडं होती, बेतून ठेवलेली. हिला न विचारता मी पाठवली."

"मग?"

"मग लोकांनी हिला चोर म्हटलं."

"आणि तू काय केलंस?"

"काही नाही, साहेब. गप्प बस म्हणालो हिला."

"किती वर्षं?"

"आजपर्यंत, साहेब."

बँकवालीचा चेहरा पांढरा पडला. "मला काय माहीत?" ती म्हणाली. "मला कुणी सांगितलं नाही!"

"खरंय," मावशी म्हणाली. "तुम्हाला माहीत नव्हतं. विचारलं पण नाहीत. गॅलरीत जाऊन ओरडलात फक्त."

साहेबांनी काठी जमिनीवर आपटली. "बोसन, माफी माग वहिनींची."

"नको, साहेब," मावशी मध्येच म्हणाली. "तुमच्या हुकमावर ते समुद्रात उडीसुद्धा मारतील. हुकमाची माफी मला नको. मला पाहिजे ते मिळालं." मग ती नवऱ्याकडे वळली. ती ओरडली नाही. "आणि एक राहिलं. हे घर मी तुमच्यासाठी नाही सजवलं. तुम्हाला छळायला सजवलं. मऊ गादी पाहिजे म्हणालात, म्हणून बंक केला. समुद्र नको म्हणालात, म्हणून भिंतीवर आणला."

"छळायला?" तो म्हणाला. त्यानं दोरखंडाच्या कठड्याकडे पाहिलं, घंटेकडे पाहिलं, मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. लोकांसमोर कबूल करताना त्याला जेवढं लागलं नव्हतं, तेवढं हे लागलं. त्या क्षणी मला त्याची दया आली, खोटं का सांगू? मग मला कॉलरी आठवल्या, आणि दया गेली.

दुसऱ्या दिवशी बँकवाली कापडाचं गाठोडं घेऊन आली. नातीसाठी काहीतरी शिवायचं होतं. मावशीनं उंबरठ्यातूनच सांगितलं, "हाती काम फार आहे. दुसरीकडे बघा." हाती काहीच काम नव्हतं. पण महिन्याभरात आलं, गल्लीतल्या बाकीच्या बायकांचं. कॉलरीची नोकरी तिनं सोडली. कापडखाऊ म्हणायचं कुणी धाडस केलं नाही, कारण ती गोष्ट आता बोसनकाकाच सगळ्यांना सांगत फिरत होता. भाजीवाल्यापाशी, न्हाव्यापाशी, कुणी विचारलं नाही तरी. कप्तानासमोर एकदा तोंड उघडल्यावर ते बंदच होईना.

आता तो रोज सकाळी पितळ घासून झालं की पुढच्या खोलीच्या दाराशी येतो. आत मशीन चालू असतं. तो टकटक करतो. आता हसत नाही.

"आत येऊ?"

"काय काम आहे?"

"माफी मागायची होती."

"आज नको. नंतर या."

तो थोडा वेळ उभा राहतो आणि मागं वळतो. परवा मी आत मशीनजवळ बसले होते, हे डोळ्यांनी पाहिलं. तो गेल्यावर मी म्हणाले, "मावशी, बिचारा रोज येतो. किती दिवस उभं करणार? न विचारता आत यायची खोड जाईपर्यंत?"

"ती गेली कधीच," मावशी म्हणाली, आणि दोरा दातानं तोडला. "मला नाही म्हणायचा कंटाळा येईपर्यंत."

अजून तरी आलेला दिसत नाही.